बॉनेटखालचा नमदा

डोंगरातल्या आमच्या नारिन गावात हिवाळ्यात माणसाआधी गाडीला पांघरूण घालतात. इंजिनावर काहीतरी जाड टाकायचं, वरून बॉनेट आपटायचं, म्हणजे सकाळी गाडी फार रुसत नाही; गाडी चालतानाही ते तसंच आत ठेवायचं. कुणी जुना कोट टाकतं, कुणी फाटकी रजई. आमच्या गाडीला मात्र आपाने, म्हणजे माझ्या आईने, स्वतः लोकर थापून केलेला नमदा होता. त्याच्या कडेला लाल शिंगांची नक्षी. इंजिनाला कसली नक्षी, म्हणून शेजारणी हसायच्या. तुमच्यासाठी नाही केली, म्हणून आपा त्यांना गप्प करायची.

बाबा त्या जुन्या जर्मन गाडीतून कोचकोरपर्यंत प्रवासी न्यायचे. गाडी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि आपाला त्यांच्या जिवाची काळजी. दर हिवाळ्यात ती नमद्याला आणखी एक थर शिवायची. शेवटी नमदा इतका गुबगुबीत झाला की बॉनेटचा खटका पुरता बसेना. बाबा आपाची नजर चुकवून छातीने रेलून दाबायचे, तेव्हा कुठे तो अर्धवट अडकायचा. खटका निसटलाच तर बॉनेट धरून ठेवणारा आतला हूक केव्हाच झिजला होता. तरी ते आपाला एका शब्दाने बोलले नाहीत. इतकं लाजरं आणि इतकं खुळं प्रेम मी दुसरं पाहिलं नाही. बॉनेट आपटलं की आम्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून प्रार्थनेचं 'ओमिन' म्हणायचो आणि निघायचो. खटक्याचं काम देवावर सोपवलेलं होतं.

त्या वर्षी कोचकोरला मावशीकडे लग्न होतं. पुढे बाबा आणि आपा, मागे मी, मांडीवर बोर्सोकांची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची टोपली. दोलोन घाटाच्या उतारावर समोरून एक ट्रक सुसाट गेला. त्याच्या वाऱ्याने आमचं बॉनेट उघडलं आणि धाडकन काचेवर आदळलं. पुढचं सगळं दिसेनासं झालं. रस्त्यावर बर्फ होता, उजवीकडे दरी. बाबांनी ब्रेक हळूहळू दाबला, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि रस्ता बघत बघत गाडी कडेच्या बर्फाच्या ढिगात टेकवली. आपाच्या डोक्यावरच्या रुमालात काचेचे कण अडकले होते. मी रडत होते आणि का कोण जाणे, बोर्सोक गोळा करत होते.

बाबा उतरले. आधी त्यांनी नमदा झटकला, नीट पसरला, मग बॉनेटवर छातीने रेलले. आपा शेजारी उभी राहून पाहत होती. हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"हे कधीपासून बसत नाही?"

"झाले दोन-तीन हिवाळे."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तू एवढ्या हौसेने शिवतेस. कसं सांगणार?"

"अहो, तुम्ही घरी परत यावं म्हणून शिवत होते मी."

आपाने बाबांच्या कमरेची सुरी काढली आणि खटका येतो तिथला नमदा, नक्षीसकट, अर्धचंद्रासारखा कापून टाकला. मग बॉनेट आपटलं. खटका बसला. तिने दोन्ही हातांनी ते वर ओढून पाहिलं, वरून दोरीही बांधायला लावली, आणि त्यानंतरच ओमिन म्हणाली. कोचकोरला पोचल्यावर मिस्त्रीने नवा हूक बसवेपर्यंत तिने लग्नघरच्या चहाला हात लावला नाही.

आपा जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाडी मी चालवते, नवी आहे, तिला नमदा लागत नाही. तो बाबांच्या मांडीवर असतो. निघायच्या आधी ते काठी टेकत पुढे जातात आणि बॉनेट ओढून बघतात. मला उशीर होतो, मी चिडते.

परवा म्हटलं, "बाबा, बॉनेट उघडं असलं तर आत दिवा लागतो आता."

"लागत असेल," ते म्हणाले. "पण आपण घरी यावं असं दिव्याला वाटतं का?"

मग ते शेजारी येऊन बसले. नमद्याच्या कापलेल्या जागी त्यांची बोटं जाऊन थांबली. मला आपाची इतकी आठवण आली की किल्ली फिरवेना. आम्ही दोघांनी चेहऱ्यावरून हात फिरवले, आणि निघालो.