गाडीसाठी लावलेला कौल

तीन आठवडे आमच्या घरात एकच विषय चालू होता. गाडीचं इंजिन वाढवायचं की गाडीचं रूप बदलायचं? किरण मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं होतं, शिमग्याच्या आत दोन्हीपैकी एकच काम होईल. झालं, माझ्या नवऱ्याचं जेवणावरचं लक्ष उडालं. सहदेव त्रेपन्न वर्षांचा आहे, पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर आहे, आणि आमटीची वाटी हातात धरून मला पिस्टन समजावून सांगायचा. आमटी गार व्हायची. मी तापायची.

गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची क्रूझर. रुंद हँडल, ऐसपैस बसायचं, आणि आवाज असा की असल्फ्याच्या आमच्या सोसायटीचा वॉचमन गाडी वळणावर असतानाच गेट उघडून ठेवतो. दरवर्षी शिमग्याला आम्ही दोघं याच गाडीवर मालवणकडे गावी जातो. पुढे तो, मागे मी. कुठे थांबायचं, चहा कुठल्या टपरीवर प्यायचा, हे मी ठरवते. वर्षभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसून लोकांच्या दाढांची गाऱ्हाणी ऐकल्यावर तो प्रवास माझा असतो. मागच्या सीटवर मी जितकी सुखात असते तितकी दुसरीकडे कुठेच नसते, सरळ सांगते.

पुढच्या सीटवर बसायचा प्रयत्नही मी एकदा केला होता. चोवीस वर्षांची असताना सहदेवच्या जुन्या गाडीवर आरे कॉलनीत शिकले. गिअर, क्लच, सगळं जमलं, लायसन्सही काढलं. पण माझी उंची चार फूट दहा इंच. गाडी थांबली की पाय टेकेना. एका तबेल्यासमोर ब्रेक मारला आणि गाडी शेणात, मी गाडीखाली. त्यानंतर मी निमूट मागे बसू लागले. लायसन्स मात्र दर वेळी न चुकता रिन्यू केलं.

मागच्या वर्षी कशेडी घाटात कलिंगडांनी भरलेला टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. ते सहदेवच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून त्याला जास्त ताकदीचं इंजिन हवं होतं. पण किरणने त्याच्या डोक्यात दुसराच किडा सोडला. हा किरण पूर्वी सहदेवच्याच वर्कशॉपमध्ये होता, आता मरोळला आरेच्या रस्त्याजवळ त्याचं गॅरेज आहे.

"काका, मोठा पिस्टन टाकतो, घाट खाऊन टाकेल गाडी," तो म्हणाला. "नाहीतर लूक बदलतो. गाडी खाली बसवतो, मागचं सगळं काढून टाकतो, एकच सीट. लोक माना वळवून बघतील."

त्याने पाठवलेलं चित्र सहदेवने घरी येऊन दाखवलं. गाडी काय दिसत होती! काळीभोर, बसकी, मागचं चाक उघडं. आमची लेक श्रुतिका किंचाळलीच. "बाबा, हेच! झकास! इंजिन कोणाला दिसतंय, यार?"

मला त्या चित्रात एकच गोष्ट दिसली. सीट एकच होती. म्हणजे यंदा शिमग्याला तो गाडीवर आणि मी एसटीत.

मी बोलले नाही. हे त्याला आपणहून दिसायला हवं, असं मी ठरवलं. लग्नाची सत्तावीस वर्षं पाठीमागे बसलेली बाई चित्रातून गायब झाली, हे कळायला या माणसाला किती वेळ लागतो ते बघूच म्हटलं. आमचं प्रेमलग्न, मी त्याला अरे-तुरे करते, एका वाक्यात त्याला गप्प करू शकले असते. पण नाही. मला हट्टच चढला. आणि तीन आठवड्यांत त्याला काही म्हणजे काही दिसलं नाही.

शेवटी एका रविवारी त्याने देवालाच विचारायचं ठरवलं. आमच्याकडे लग्न, विहीर, घर असा मोठा प्रश्न अडला की गावच्या देवळात गुरव कौल लावतात. देवाच्या अंगावर उजवीकडे-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. सहदेवने गुरवकाकांना व्हिडिओ कॉल लावला.

"अरे सहदेवा, गाडयेसाठी कौल?" काका हबकले.

"काका, माका सुचनाच नाय. तुमी इचारा."

काकांनी गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझा लेकरू मुंबयत रवता. तेच्या गाडयेचा इंजिन मोठा करूचा काय नको, ता तूच सांग रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं ऐकलं की "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हे आमच्या रक्तातच आहे. सहदेव ओरडला, श्रुतिका ओरडली, आणि हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून मीही ओरडले. ओरडले आणि जीभ चावली. गाऱ्हाण्यात सामील झालेल्या माणसाला कौल मानावाच लागतो. स्वतःच्या तोंडाने स्वतःची वाट लावून घेतली मी.

आम्ही तिघं श्वास रोखून मोबाइलमध्ये बघत होतो. एक कळी हलली, थांबली, आणि टपकन पडली.

"डावी!" काका म्हणाले. "इंजिनाक नको म्हणता देव."

श्रुतिका नाचायला लागली. मी कांदाभजी जाळली.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, किरणचा फोन आला. गाडी तयार होती. आम्ही दोघं रिक्षाने मरोळला गेलो. वाटेत सहदेवचे गुडघे सारखे नाचत होते आणि मी भांडणाचं पहिलं वाक्य मनात घोळवत होते. पण किरणने वरचं कापड ओढलं आणि माझं वाक्यच पळालं. इतकी देखणी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. राग होताच, पण त्या रागातूनही छाती धडधडायला लागली.

सहदेव लगेच मोबाइल काढून गुरवकाकांना गाडी दाखवायला लागला. "काका, ह्या बघा, ह्या बघा!" करत तो कॅमेरा फिरवत रस्त्याच्या कडेला गेला. मी म्हटलं, बसून तरी बघू, त्या एकट्या सीटवर एवढं काय आहे. मी हँडल धरलं, पाय टाकला, बसले.

माझे दोन्ही पाय जमिनीवर टेकले. चवड्यांवर नाही, पूर्ण तळवे!

"काकी, सीट बरीच खाली घेतलीय," किरण म्हणाला. "मागचे शॉकअपपण छोटे टाकलेत."

मी त्याच्या काउंटरवरचं हेल्मेट मागून घेतलं, बटण दाबलं आणि क्लच सोडला. मागून "अगं अनुपमा! अगं!" असं ऐकू आलं, पण मी तोवर आरेच्या रस्त्याला लागले होते.

दोन्ही बाजूंना झाडी, गार वारा, आणि मध्येच तबेल्यांचा तो ओळखीचा वास. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. हात काही विसरले नव्हते. जिथे पडले होते तिथे मी मुद्दाम थांबले. पाय टेकले. एक म्हैस माझ्याकडे बघत होती. मी मोठ्याने "व्हय म्हाराजा!" म्हटलं आणि हसत सुटले. डोळ्यांत पाणी आलं. एकोणतीस वर्षं मी पुढच्या सीटसाठी झुरत होते आणि ते मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

परत आले तर सहदेव गॅरेजसमोरच्या बसस्टॉपवर उभा राहून चक्क टाळ्या वाजवत होता. "अनू, काय चालवलीस! दोन्ही पाय टेकतात की गं तुझे! चल, तूच ने घरी, मी मागे बसतो." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, उजवा पाय उचलला, आणि तसाच एका पायावर उभा राहिला. मागे नुसतं चाक होतं.

"अगं, पण मी कुठे बसू?"

इतके दिवस मी याच प्रश्नाची वाट बघत होते. फक्त तो माझ्यासाठी विचारला जायला हवा होता. मी मान वळवून त्याच्याकडे बघत राहिले. त्याने चाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चाकाकडे. पाय हळूहळू खाली आला.

"शिमग्याला तू... अरे देवा," तो म्हणाला. "मला दिसलंच नाही गं. खरंच नाही दिसलं."

"आता दिसलं ना?"

"दिसलं." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. मग किरणकडे वळून म्हणाला, "मागे बसायला काही लावता येतं का रे?"

"लावता येते की काका, छोटी गादी. चार बोल्टचं काम. पण आज नाही, मागवावी लागेल."

"मागव," मी म्हटलं. "शिमग्याला हा बसेल तिच्यावर. चहा कुठल्या टपरीवर प्यायचा, ते यंदा याने ठरवायचं."

सहदेव हसला, रडका चेहरा करून हसला. तेवढ्यात समोरून बस आली.

"ही पकड," मी म्हटलं आणि गिअर टाकला. "असल्फ्याला उतर."