सर्वांत मागची सायकल

सात जणांच्या त्या गटाचा एक नियम होता आणि तो नकाशे काढणाऱ्या काकांनीच घालून दिलेला होता. जंगलात जो सर्वांत सावकाश चालवतो त्याने सर्वांत पुढे राहायचे आणि त्याला कोणी ओलांडायचे नाही. वेगवान माणूस पुढे सुटला की गट तुटतो, असे त्यांचे म्हणणे. ज्याला ते पटत नसे त्याला काका तासभर बसवून पटवून देत. सर्वांत मागे मात्र असा माणूस हवा, जो कोणाची सायकल बिघडली तर थांबेल, ती मार्गी लावील आणि पुन्हा गट गाठील. पंप आणि औषधांची पेटी त्याच्याकडे. अकरा वर्षे ती जागा काकांची होती.

यंदाची सहल शनिवारी निघायची होती. सोमवारी दुपारी गटातल्याच सायकल-मिस्त्रीने काकांची सायकल तपासणीसाठी उलटी केली आणि चाक फिरवता फिरवता त्याचा हात थांबला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. चार दिवस रस्त्यावर चालवले की मधले झडून जातात. काका सायकलीवरून पडले त्यानंतर, दोन महिन्यांपूर्वी, हे टायर त्यानेच बसवले होते. केस जसेच्या तसे होते.

"काका, रोज सकाळी बारा किलोमीटर ना?"

"रोज."

मिस्त्रीने टायरच्या केसांवरून बोट फिरवले. काकांनी ते बोट पाहिले.

"पडल्यापासून बसलो नाही रे," ते हळूच म्हणाले. "पाय केव्हाच बरा झाला. पण बसायला गेलो की पुन्हा पडणार असंच वाटतं."

"मग सकाळी जाता कुठे?"

"हेल्मेट घालून जिना उतरतो आणि वाचनालयापर्यंत चालत जातो."

"हेल्मेट घालून चालत?"

"पहिल्या वळणापर्यंत. पुढे पिशवीत."

मिस्त्रीला हसू आवरेना. काकांनाही आवरले नाही. मग मिस्त्रीने साखळीला तेल दिले आणि हँडलला तपासणीची चिठ्ठी बांधली. "सायकल पास. माणूस पास करणं माझ्याकडे नाही. पण चढावर माझी साखळी तुटली आणि मागून कुणी आलंच नाही, तर शिव्या तुम्हालाच घालीन."

संध्याकाळी काकांच्या सुनेच्या दवाखान्यात बैठक भरली. ती दातांची डॉक्टर; शेवटचा रोगी गेल्यावर बाहेरच्या खोलीतल्या बाकांवर सगळे बसले. काकांचा हातकागदावरचा नकाशा मध्ये पसरला होता: ओढ्याकाठची पायवाट, तंबूंची मोकळी जागा, दोन चढ. तंबू कोणी वाहायचे यावर वीस मिनिटे वाद झाला आणि अर्थातच तो काकांनी जिंकला.

"पाव माझ्याकडे," बेकरीवाला म्हणाला. "फक्त चढावर मला कोण ढकलणार तेवढं आत्ताच ठरवा."

"तू पुढे असतोस, तुला सगळेच ढकलतात," सून म्हणाली. "बाबा, क्रम लिहून टाका. पहिला हा, शेवटी तुम्ही. नेहमीसारखं."

काकांनी लेखणी उचलली. खरे सांगितले तर सून त्यांना घरीच ठेवील, ही धास्ती त्यांना दोन महिने होती. न सांगावे, तर त्या दुसऱ्या चढावर मागे उभ्या राहिलेल्या माणसाकडे येणार कोण? त्यांनी नकाशाच्या कडेला आपल्या टपोऱ्या अक्षरांत १ हा आकडा घातला आणि त्यापुढे लिहिले: मी.

बेकरीवाला वाकून पाहू लागला. "काका, माझ्याही पुढे? माझ्यापेक्षा हळू चालवणारा अजून जन्माला यायचाय!"

"आलेला आहे," काका म्हणाले. "आणि त्याला ओलांडायचं नाही, नियम ठाऊक आहे ना?"

हशा पिकला. मिस्त्री तेवढा आपल्या बुटांकडे पाहत राहिला. काकांनी पिशवीतून पंप आणि औषधांची पेटी काढली आणि सुनेपुढे ठेवली. "मागची जागा तू घे. तुझ्याइतका दम दुसऱ्या कुणात नाही."

सुनेने पंप हातात घेतला, दोनदा दाबून पाहिला. मग नकाशावर लिहिलेली निघण्याची सातची वेळ खोडून तिने सहा केली.

"बाबा, शनिवारला अजून चार सकाळी आहेत," ती सहज बोलल्यासारखी म्हणाली. "उद्यापासून मीही येते तुमच्याबरोबर. वाचनालयापर्यंतच जाऊ, पण सायकलीवरून."

काकांनी चमकून वर पाहिले.

"आणि हेल्मेट पिशवीत ठेवायचं नाही. माझ्या खिडकीतून ते वळण दिसतं."