धुतलेल्या तारा

दातांच्या दवाखान्यात बारा वर्षं काढलेल्या बाईला दुसऱ्या कशाचं नाही तरी आपल्या हातांचं कौतुक असतंच. ताईंनाही होतं. त्या डॉक्टरांच्या मदतनीस. नातं काडीचं नाही, पण डॉक्टर त्यांना ताई म्हणत आणि त्यांची लेक डॉक्टरांना मामा. पेशंटच्या दातांवरून उतरवलेल्या तारा फेकायच्या नाहीत, अशी डॉक्टरांची शिस्त होती. "कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दातांच्या साच्यावर हात बसवायला लागतात," ते सांगत. ताई त्या तारा कडक जंतुनाशकात भिजवायच्या, घासणीने खसाखसा घासायच्या आणि वाफेच्या यंत्रातून काढायच्या. तारा अशा लखलखायच्या की बघत राहावं.

लेकीला ब्रेसेस लावायचं ठरलं तेव्हा ताईंनी आधीच सांगून टाकलं, "हिला खोटे कानातले सोसत नाहीत हो. कान चिघळतात."

"म्हणजे निकेलची ॲलर्जी. ते तारेतूनही थोडंफार लाळेत उतरतं," डॉक्टर म्हणाले. "पण भाचीसाठी मी निकेल नसलेल्या तारा मागवतो. आणि पैशाचं नाव काढायचं नाही!"

ताईंचे डोळे भरून आले. पुढे दर खेपेला तार बदलायला डॉक्टर स्वतः बसत आणि ताईंना दुसऱ्या खुर्चीकडे पिटाळत. केवढी ही माया, असं ताईंना वाटे. भोळेपणाला काही औषध नसतं.

चौथ्या महिन्यात लेकीचे ओठ आतून सोलवटले.

"आई, तोंडात सारखी लोखंडाची चव येते गं."

"पुरे झाले नखरे. मामा एवढं करतोय आणि तुझी आपली रड!"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हिरड्या सुजून तिला पाणीही गिळवेना, तेव्हा कुठे ताई तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. "निकेलचाच त्रास वाटतोय," बाई म्हणाल्या. "तार कुठली होती, ते बघून या."

ते सोपं होतं. नव्या तारेच्या पाकिटावरचं लेबल पेशंटच्या कार्डावर चिकटवायचं, हा दवाखान्याचा नियमच होता. ताईंनी लेकीचं कार्ड काढलं. पहिल्या तारखेसमोर निकेल नसलेल्या तारेचं लेबल होतं. पुढच्या तिन्ही तारखांसमोर काहीच नव्हतं. चुकून राहिलं असेल, म्हणून त्यांनी बाकीची कार्डं चाळली. ती लेबलांनी भरली होती. कोरी होती ती फक्त फुकट उपचारवाल्यांची.

ताई तशाच आत गेल्या. "माझ्या पोरीच्या तोंडात कसल्या तारा घातल्यात?"

डॉक्टर हात पुसत होते. "अहो ताई, त्या खास तारा महिना महिना येत नाहीत. आणि या निर्जंतुक होत्या की."

"दुसऱ्यांच्या तोंडातल्या?"

"स्वच्छ होत्या हो. तुम्हीच तर धुतल्यात!"

केसाने गळा कापला होता, आणि केसही ताईंच्याच डोक्याचा. ताईंना राग आला, किळस आली. त्यांनी ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि त्या बाहेर पडल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "जुनी तार, त्यात कडक औषध आणि घासणी. वरचा थर खरवडला गेला असणार. मग निकेल जास्तच सुटतं. आजच तार काढून घ्या."

वाटेत ताईंनी लेकीला एकूण एक सांगितलं. मामाचं सांगितलं, घासणीचंही सांगितलं. लेक समोर बघत चालत राहिली.

नव्या दवाखान्यातल्या दंतवैद्य बाई प्रेमळ होत्या. लेकीला खुर्चीवर बसवून त्यांनी दिवा ओढला. "घाबरू नकोस हं. आईचा हात धरतेस का?"

लेकीने ओठ घट्ट मिटून नकारार्थी मान हलवली. मग छताकडे बघत म्हणाली, "तिला बाहेर बसायला सांगा."