बशीची मागची बाजू

क्लाइव्ह बॅग्नलला चारचौघांत जेवायला नेणं म्हणजे त्याच्या बायकोला, गेनॉरला, शिक्षाच वाटे. लग्न असो की मयत, समोर बशी आली की हा गडी आधी ती उलटी करून मागचा शिक्का बघणार. इंग्लंडमधल्या स्टोकच्या चिनी मातीच्या कारखान्यांत आयुष्य गेलेल्या माणसांची ही खोडच. पण क्लाइव्हने एकदा रस्सा वाढलेली बशी उलटी केली होती!

असा हा कारखान्यात माल तपासणारा चिकित्सक माणूस नोकरी सुटण्याची नोटीस आली तेव्हा मात्र "बरं" म्हणून टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायला निघून गेला.

कोरोनाच्या साथीमुळे कारखाना बंद होता. घरी बसवलेल्या कामगारांना ऐंशी टक्के पगार सरकारी मदतीतून मिळत होता. आता मालक मिस्टर एड्रियन यांनी कळवलं होतं, की तीन महिन्यांनी काम कायमचं संपेल आणि तोवर आहे तोच ऐंशी टक्के पगार चालू राहील.

"ऐंशीच का?" गेनॉरने विचारलं.

"सरकार तेवढेच देतं."

"नोटीस सरकारने दिली का?"

"अगं, मिळतंय ते काय थोडं आहे?"

गेनॉरने कपाळावर हात मारला. "मी सल्ला केंद्रात फोन केला होता. नोटिशीच्या काळातला पगार नेहमीच्या पूर्ण पगाराप्रमाणे द्यायचा, असा नियमच आहे. सरकारचा टेकू मालकाला आहे. ती तुझ्या पगारातली सूट नव्हे!"

"मिस्टर एड्रियनच्या वडिलांनी मला कामाला लावलं. आता बुडत्या माणसाच्या खिशात हात घालू?"

"आणि आपण काय, नावेत बसून गाणी म्हणतोय? घराचा हप्ता कोण भरणार, तुझे टोमॅटो?" तिचा आवाज चढला. "रंगकामातली शहनाझ, दोन लहान पोरं पदरात, मला रोज विचारते, 'क्लाइव्ह काय म्हणतो?' तू सगळ्यांत जुना. तू गप्प, म्हणून सगळे गप्प! तुझा भिडस्तपणा तुला एकट्याला महाग पडत नाही रे बाबा!"

क्लाइव्हने किटली चढवली. त्या घरात वाद संपला असं समजायची ती रीत होती.

शनिवारी मिस्टर एड्रियन स्वतः आले. अंतर राखून फाटकापाशीच थांबले, कुंपणावर एक खोका ठेवला आणि दोन पावलं मागे सरकले.

"तुमच्या इतक्या वर्षांच्या सेवेची आठवण," ते म्हणाले. डोळे खरंच ओलावले होते.

खोक्यात सोनेरी काठाची मोठी बशी होती. क्लाइव्हने सवयीने ती उलटली.

"मिस्टर एड्रियन, हिच्या शिक्क्यावर ओरखडा आहे."

"असेल हो. समोरून छानच दिसतेय."

"दुय्यम मालाची खूण आहे ती. बहुतेक मीच मारलेली." क्लाइव्हने काठावरचा सुईच्या टोकाएवढा बुडबुडा दाखवला. "हा बघा दोष."

मिस्टर एड्रियन लालबुंद झाले. "अहो, गोदामात हाताला लागली ती उचलली. मागे कोण बघतंय..."

"मी बघतो ना. आयुष्यभर तेच केलं. हिच्यात खोट होती म्हणून हिचा भाव कमी. माझ्या कामात काय खोट होती?"

"तुमच्या? छे, छे! कधीच नाही!"

"मग माझे शेवटचे तीन महिने दुय्यम भावाने का?"

"ते... हिशेबनीस म्हणाले, सरकार जेवढं देतं तेवढं..."

"सरकारचा टेकू तुम्हाला आहे. माझा पगार तुम्ही द्यायचा आहे!"

खिडकीआडून ऐकणाऱ्या गेनॉरने डोळे मिटले. आठवडाभर आपण भिंतीशीच बोलतोय, असं तिला वाटलं होतं!

"क्लाइव्ह, तुम्ही असं काही मागाल असं वाटलं नव्हतं."

"मलाही नव्हतं वाटलं. आणि हे माझ्या एकट्यासाठी नाही. सगळ्यांचं बघा."

मिस्टर एड्रियन निघून गेले. सोमवारी त्यांचा फोन आला. नियम त्यांनी स्वतः विचारून घेतला होता. सगळ्यांना पूर्ण पगार मिळणार होता. "मी आधीच विचारायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. "कुणी बोललं नाही, म्हणून बरंच चाललंय असं धरून चाललो."

वाचकहो, आपलंही असंच होतं. हक्काची गोष्ट कुणी उपकारासारखी हातावर ठेवली, की आपण आभार मानून मोकळे होतो. ती उलटून पाहण्यात कृतघ्नपणा नाही. उलट आपण पाहिली नाही, तर आपल्या मागच्यालाही तेच खोट असलेलं वाण मिळतं.

क्लाइव्हने ती बशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगली, ओरखडा बाहेर ठेवून.

"अरे देवा, जगात लोक बशी सरळ लावतात!" गेनॉर वैतागून म्हणाली. पण बदलायला काही ती उठली नाही.