वाडीत बूट घालून गेलेला पाय

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना पाय आहे, पण भूतबित नाही. गास गावात ऑगस्टीनकाकांच्या पडवीत खुंटीला टांगलेला, गुडघ्याखालचा डावा पाय. वर प्लास्टिकची वाटी, मध्ये धातूची नळी, खाली रबरी पाऊल. बोटंही पाच आहेत, नखं तेवढी द्यायची राहिली.

माझा जन्म पुण्याचा. लष्कराच्या कार्यशाळेत एका कारागिराने मला नाईक क्लिफर्डच्या मापाने घडवलं. त्याचा खरा पाय सीमेवर सुरुंगाने नेला होता. कारागिराने त्याला लष्करी बूट घालून उभं केलं, माझ्या घोट्यातला, पावलाचा कल ठरवणारा पेच नीट बसवला आणि म्हणाला, "आता चाल." क्लिफर्ड चालला! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या थोड्याफार माझ्याही होत्या, असं मी अजून मानतो.

खरी परीक्षा पुढेच होती. दीड महिन्याने लष्करी डॉक्टरांसमोर बूट घालून चालून दाखवायचं होतं. जमलं, तर क्लिफर्ड पलटणीत परतून नव्या जवानांना वायरलेस शिकवणार. नाही जमलं, तर कायमचा घरी. मधल्या काळात सरावासाठी तो गासला आला.

ऑगस्टीनकाका म्हणजे त्याचे वडील. त्यांची पानवेलीची वाडी आहे आणि वाडीचा एक कडक नियम आहे. वेलीत पायताण घालून जायचं नाही, कारण बाहेरच्या मातीबरोबर मुळं कुजवणारा रोग येतो. चर्चचे फादर आले तरी त्यांना फाटकाशी बूट काढावे लागतात. क्लिफर्ड तर घरचाच मुलगा. पहिल्याच सकाळी त्याने दोन्ही बूट काढले, त्याच्या पायातला आणि माझाही.

घोळ झाला तो इथेच. टाचेखालचा आधार गेला आणि मी मागे कलायला लागलो. प्रवासात पेच ढिला झाला असेल, असं समजून क्लिफर्डने चावीने तो फिरवला. मग काय विचारता! वेलींच्या ओळींमधून, पाटाच्या ओल्या काठावरून आम्ही चाळीस दिवस अनवाणी हिंडलो. मला माती कळत नव्हती, पण क्लिफर्डचं अंग हलकं झालेलं कळत होतं. मी मनात म्हटलं, झालं, आता पलटण!

तीन दिवस उरले तेव्हा त्याच्या आईने, कार्मिनकाकूंनी, गणवेशाला इस्त्री केली. "घालून दाखव ना रे," त्या म्हणाल्या. क्लिफर्डने गणवेश चढवला, बूट बांधले, ऐटीत सलाम ठोकला, पहिलं पाऊल टाकलं आणि अंगणात तोंडावर आपटला. उठला, पुन्हा आपटला. मला कारण ठाऊक होतं, पण पायाला तोंड कुठे असतं?

क्लिफर्ड मला काढून पायरीवर बसला. "पप्पा, मी नाय जात. घरीच राहतो, वाडी बघतो."

मित्रांनो, काकांना मनातून हेच हवं होतं. एकुलता एक मुलगा, वाडीत हाताखाली माणूस मिळत नाही. ते नुसतं "बरं" म्हणाले असते तरी आमचा कारभार आटोपला असता. माझा जीव टांगणीला लागला. काकांनी बूट उचलला, उलटा केला आणि त्याच्या जाड टाचेवर अंगठा टेकवला.

"पुण्याला कसा चालायचास?"

"बुटात."

"आणि इथं?"

"अनवाणी. तुमचाच नियम ना..." क्लिफर्ड मध्येच थांबला. "अरे देवा! अनवाणी चालायला पेच मीच फिरवला, पप्पा!"

पेच दोन मिनिटांत जागेवर आला. मोडायची होती ती वाडीत लागलेली अनवाणी चालीची सवय. काकांनी रोगाचे जंतू मारायला घमेल्यात चुन्याचं पाणी कालवलं, दोन्ही बूट स्वतःच्या हातांनी खसाखसा घासले आणि वाडीचं फाटक उघडलं. "चल आत. बुटातच."

"अहो, फादरनासुद्धा सोडलं नाय तुम्ही!" काकू म्हणाल्या.

"वेल मेली तर दुसरी लावीन."

तीन दिवस काका पुढे आणि आम्ही मागे. चौथ्या दिवशी डॉक्टरांसमोर आम्ही चाललो, वळलो, जिना चढलो. बाहेर येऊन क्लिफर्डने घरी फोन लावला. "पप्पा, ठेवलं मला!" पलीकडे फोन हातातून हातात गेला. मग काकू आल्या. "अरे, रडतायत ते. खुशीनं. तू जेवलास का?" मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की पेचही सैल पडला असावा!

आणि वाडीतली एकही वेल मेली नाही.

पुढे सहा वर्षं मी पलटणीत काढली. मग माझी वाटी तडकली, क्लिफर्डला नवा पाय मिळाला आणि मी या खुंटीवर आलो. कधीकधी आठवडा आठवडा कोणी माझ्यावरची धूळही झटकत नाही. त्याचं थोडं वाईट वाटतं. म्हणून सांगतो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला रोज ओल्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका. आणि त्याच्यावर चालणारा माणूस पडला, तर याला जमणार नाही असं म्हणण्याआधी त्याचा बूट उलटा करून बघा.

काका अजूनही बघतात. क्लिफर्ड सुट्टीवर यायचा असला की फाटकाशी चुन्याचं घमेलं तयार असतं. तो रिक्षातून उतरतो, आणि कसा आहेस हे विचारायच्या आधी काका विचारतात, "पेच बघितलास?"