वच्छलाचे पाच हजार

उकंडराव तीस वर्षं पोस्टमास्तर होते. पाकिटावर पाच पैशाचं तिकीट कमी लागलं, तर सख्ख्या भावाकडूनही दंड वसूल करणारा असा खट माणूस नांदुऱ्याच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीआधी मात्र ह्या हिशेबी माणसाला हिशेबानंच रडकुंडीला आणलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पोटातली गाठ दाबून पाहिली आणि वर्षभराची मुदत दिली. मरणाचं उकंडरावांना फारसं वाटलं नाही. वाटलं ते वच्छलाचं. एकुलती एक लेक, वय अठ्ठावीस, समज पाच वर्षांच्या पोरीची. घास कालवून दिला की जेवायची, वेणी घालून दिली की गल्लीभर मिरवायची. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि पेन्शन उकंडरावांबरोबरच संपणार होतं.

तिला बघणारं एकच माणूस होतं. उकंडरावांच्या थोरल्या भावाची विधवा, शेजारच्या घरातली सुभद्राबाई, वच्छलाची मोठी माय. बाई मनाची वाईट नव्हती, पण भाजी विकून दोन लेकरं वाढवणारी बाई हवेत बोलत नसते.

"भाऊजी, वच्छी मले जड नाई," ती म्हणाली. "पण ज्वारीचा भाव पाहा. महिन्याले साठ रुपये येत असतीन तर सांभाळतो. नाई तर लेकरायच्या तोंडचा घास काढून मी तिले कसा देऊ?"

उकंडरावांनी जन्मभर पैसा तीन ठिकाणी वाटून ठेवला होता. पोस्टाची सर्टिफिकेटं बायकोच्या दुखण्यात गेली. बचत खातं त्यांच्या स्वतःच्या दुखण्यात चाललं होतं. उरली ती सरकारी ट्रस्टची पाच हजारांची युनिटं, वच्छलासाठी म्हणून दहा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं घेतलेली. गोठ्यातल्या गरीब म्हशीसारखी होती ती. लाथ मारत नव्हती, आणि दूधही जेमतेम देत होती. शेकडा साडेआठ. म्हणजे महिन्याला पस्तीस रुपये.

नांदुऱ्यातल्या एका कापसाच्या जिनिंगचे शेठ ठेवीवर शेकडा पंधरा देत होते. महिन्याला साडेबासष्ट! युनिटं मोडायची, पैसे शेठकडे ठेवायचे, की वच्छलाची सोय झाली. उकंडरावांनी विक्रीचा फॉर्म भरला, सही केली, पाकीट चिकटवलं आणि तीन आठवडे ते खिशात घेऊन हिंडले. दुसऱ्यांची टपालं वेळेवर पोचवणाऱ्या माणसाला स्वतःचं एक पाकीट पेटीत सोडवेना.

शेवटी ते एसटीनं नांदुऱ्याला गेले. शेठनी चहा पाजला, गोड बोलले, दिवाळीआधी रक्कम आणलीत तर सोळा देऊ म्हणाले आणि गाठी मोजायला बाहेर गेले. पेढीवर मुनीम जानराव तेवढे उरले. वीस वर्षांची ओळख.

"जानराव, तुमाले तं पेन्शन नाई," उकंडरावांनी विचारलं. "मंग तुमी आपले पैसे इथंच ठेवले असतीन?"

जानरावांनी दाराकडे पाहिलं. "नाई, मास्तर."

"मंग?"

"बायकोच्या नावानं युनिटं घेतली."

"साडेआठावर? काऊन?"

"मास्तर," जानराव हळूच म्हणाले, "इथली वही मी लिहितो."

एवढंच बोलून त्यांनी मान खाली घातली. उकंडराव उठले.

परतीच्या एसटीत त्यांना काही सुचेना. पंधरावाले बुडवणार, साडेआठवाले उपाशी मारणार. एकीकडे पैसा जातो, दुसरीकडे लेक जाते. मग एक भलताच विचार मनात आला. आपण जाताना वच्छलालाही सोबत न्यावं. ह्या विचाराला ते इतके भ्याले, की तोंडात धोतराचा सोगा कोंबून भर एसटीत रडले. फाट्यावर उतरल्यावर त्यांनी खिशातलं पाकीट काढलं आणि फाडून ओढ्यात टाकलं.

घरी सुभद्राबाई ओसरीवर वच्छलाच्या डोक्याला तेल लावत बसली होती.

"ठेवले काय पैसे शेठकडं?" तिनं विचारलं.

उकंडरावांनी लेकीकडे पाहिलं. तेलानं चमकणारं कपाळ घेऊन ती त्यांच्याकडे बघून हसत होती.

"ठेवले, वहिनी," ते म्हणाले. "महिन्याले साठ पक्के. हे पह्यल्या महिन्याचे घ्या." पेन्शनमधल्या नोटा त्यांनी पुढे केल्या.

"भरवशाचं हाये ना?"

"हाव. एकदम."

उभ्या जन्मात ते असं धडधडीत खोटं बोलले नव्हते. सुभद्राबाईनं नोटा कमरेला खोचल्या. "मंग आजपासून वच्छीले माह्याकडंच झोपू द्या. तिले सवय व्हायले पाह्यजे."

उकंडराव मान हलवत राहिले. सवय वच्छलाला होवो न होवो, सुभद्राबाईला व्हायला हवी होती. इतकी, की आपल्यामागं साठाचे पस्तीस झालेले तिला कळतील, तेव्हा शिव्या देईल, कपाळ बडवून घेईल, पण ह्या पोरीला दाराबाहेर काढणं तिच्या हातून होणार नाही. दुसरी कुठलीही ठेव त्यांच्याजवळ उरली नव्हती.

वच्छलानं आपली वाकळ काखेत मारली आणि मागं वळून न पाहता मोठ्या मायच्या घरात गेली.