एकोणीस चेहऱ्यांचा वाढदिवस

मनोज्ञाने वहीच्या मधल्या जोडपानावर यादी केली होती आणि पाढे म्हणावेत तशा सुरात ती आईला वाचून दाखवत होती.

"एक, अश्विता. दोन, रूपिका. तीन, सुप्रजा. चार, तरुणतेज, पण त्या दिवशी भांडला नसेल तरच. पाच आणि सहा, त्या जुळ्या. सात, मल्लिका टीचर. आता कार्यक्रम. आधी पोत्यांची शर्यत. मग जेवण. केक शेवटी."

"केक शेवटी का गं?" स्वरूपाने शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"आधी कापला की सगळे केक खाऊन घरी पळतात, अम्मा. रूपिकाकडे तसंच झालं. शर्यतीला मी एकटीच उरले."

"म्हणजे पहिली आलीस की!"

"शेवटचीपण मीच आले," मनोज्ञा गंभीरपणे म्हणाली.

स्वरूपा खुदकन हसली. मशीनखाली पोपटी रंगाचा झगा होता, नवव्या वाढदिवसाचा. गेल्या वर्षी वाढदिवसाच्या दिवशी सगळे चुलतदिराच्या लग्नात होते, त्याच्या आदल्या वर्षी पोरीला गोवर आला होता. तेव्हा स्वरूपाने शब्द दिला होता, की नववा वाढदिवस तू म्हणशील तसा. पोरीने तो शब्द जपून ठेवला होता आणि आता वहीत उतरवला होता.

अंगणात स्वरूपाची सासू राजव्वा उकडलेली हळद वाळत घालत होती. तेलंगणातल्या मेटपल्लीत त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या दारात हळदच. खाली अंथरलेला होता मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स. त्याच्याइतकं टिकाऊ अंथरूण बाजारात विकत मिळत नाही.

"मनोज्ञा, इकडे ये," राजव्वाने हाक मारली. "त्या माजी आमदाराच्या कानापाशी हळद सांडलीय, आत ओढ बघू. पाच वर्षांत हे एवढंच काम केलं बाबाने."

इतक्यात स्वरूपाच्या नवऱ्याची, श्रीशैलमची मोटारसायकल दारात थांबली. बसस्टँडजवळ त्याचं खतांचं दुकान होतं. दुकान चांगलं चाले, पण सहा महिन्यांपासून त्याचं मन दुकानात नव्हतं. त्याला नगरपालिकेचं तिकीट हवं होतं, अकराव्या वॉर्डाचं. आज तो भलताच खुशीत होता.

"बिड्डा! माझं बाळ ते!" त्याने मुलीला उचलून घेतलं. "तुझ्या वाढदिवसाला कोण येणार, ओळख! आमदारसाहेब! स्वतः! फंक्शन हॉल ठरवला. चारशे माणूस."

"बापू, माझ्या यादीत सात आहेत," मनोज्ञा म्हणाली.

"सात काय घेऊन बसलीस! फक्त एवढंच, की बुधवारी साहेब हैदराबादेत असतात. म्हणून आपण रविवारी करायचं."

मशीन थांबलं. "वाढदिवस बुधवारी आहे," स्वरूपा म्हणाली.

"अगं, चार दिवसांनी काय बिघडतं?"

"मग निवडणूकपण चार दिवसांनी घ्या म्हणावं. काय बिघडतं?"

श्रीशैलमने ते ऐकलंच नाही. त्याने वही हातात घेतली, यादीवरून नजर फिरवली आणि पहिल्याच नावावर त्याचं बोट थांबलं. "अश्विता म्हणजे त्या राजेश्वरची ना? त्याने परवा वेणूच्या नावाने चौकात फ्लेक्स लावलाय. वेणू याच वॉर्डाचं तिकीट मागतोय. त्याच्या माणसाची पोरगी माझ्या कार्यक्रमात? साहेब काय म्हणतील?"

"साहेबांना ती कशाला सांगणार आहे?" मनोज्ञाने विचारलं. "ती तर टीचरशीपण बोलत नाही."

"मोठ्यांच्या गोष्टी तुला कळत नाहीत, बिड्डा."

"अश्विता नाही तर मीपण नाही."

पोरीचा ओठ थरथरायला लागला, तसा श्रीशैलमने पवित्रा बदलला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "हे बघ. गांधी चौकात वीस फुटी फ्लेक्स लावतो. मधोमध तू. या पोपटी झग्यात. एवढी मोठी! सगळी शाळा बघेल. अश्वितासुद्धा बघेल. चालेल?"

मनोज्ञाने बराच वेळ विचार केला. तिने बापूच्या हातातली वही आईकडे दिली आणि म्हणाली, "पण मधोमध हं."

स्वरूपाने मशीन इतक्या जोरात चालवलं, की सुई मोडली.

दुसऱ्या दिवशी झग्याची एक बाही टाचणीवर असतानाच मनोज्ञाचा स्टुडिओत फोटो काढून झाला. शाळेत तिने सगळ्यांना सांगून टाकलं. बुधवारी चौकात या, मी दिसेन. अश्विताने विचारलं, हात हलवत असशील का? मनोज्ञाने घरी येऊन बापूला तेच विचारलं. त्याला ऐकायला सवड नव्हती. आठ दिवस घरात एकच काम चाललं होतं, फ्लेक्सवर चेहरे लावण्याचं. वरच्या ओळीत कोण, खालच्या ओळीत कोण. कोण चौकोनात, कोण गोलात. पक्षाच्या उपाध्यक्षाचा गोल सरचिटणीसाच्या गोलापेक्षा मोठा झाला म्हणून फोन आला. तो लहान केला, तर उपाध्यक्षाचा फोन आला. श्रीशैलम जेवतानाही डाव्या हाताने फोन धरून चेहरे मोजायचा.

"एवढं तर मी पोटुशी असताना दिवस मोजले नव्हते," स्वरूपा एकदा म्हणाली.

"तुला हसायला काय जातं. एक चेहरा चुकला, तर तिकीट गेलं."

बुधवारी सकाळी स्वरूपाने पोरीला न्हाऊ घातलं. राजव्वाने औक्षण केलं. झग्याचं शेवटचं बटण लावून स्वरूपा तिला शाळेत सोडायला निघाली. एका गिऱ्हाईकाच्या ब्लाऊजची बाही जागेवरच कमी करून द्यायची होती, म्हणून कापडी पिशवीत कात्री होती. एरवी दहा मिनिटांची वाट मनोज्ञाने पाच मिनिटांत संपवली.

गांधी चौकात फ्लेक्स लागला होता. वीस फूट लांब, बांबूच्या चौकटीला खिळे मारून ताणलेला. खाली शाळेची दहा-बारा पोरं माना वर करून उभी होती. वर आमदारसाहेब, अर्ध्या फ्लेक्सभर, मिशीसकट. त्यांच्याभोवती गोलात, चौकोनात, हात जोडलेले, हात उंचावलेले, काळे चष्मे लावलेले लोक. उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या शर्टात श्रीशैलम. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'चि. मनोज्ञाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!'

"एकोणीस," तरुणतेज म्हणाला. त्याने दोनदा मोजलं होतं.

अश्विता वळली. "मनोज्ञा, तू कुठं आहेस गं?"

मनोज्ञाने डावीकडून उजवीकडे पाहिलं. पुन्हा उजवीकडून डावीकडे. मग ती विजेच्या खांबाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. खांबामागे आपण झाकले गेलो असू, असं तिला वाटलं असावं. तिथूनही ती दिसली नाही. ती परत आली, झग्याचा घेर दोन्ही मुठींत धरून.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "फोटो नीट आला नव्हता का?"

पोर रडली असती, तर स्वरूपाने तिला पोटाशी धरलं असतं आणि राग गिळला असता, इतकी वर्षं गिळला तसा. पण पोर रडत नव्हती. स्वतःचीच चूक शोधत होती.

"फोटो छान आला होता. तू शाळेत जा. अश्विता, हिचा हात धर."

पोरं गेली आणि स्वरूपाने नवऱ्याला फोन लावला. तो पाच मिनिटांत आला. आल्या आल्या त्याने वर पाहिलं, ओठ हलवत वरची ओळ मोजली, मग खालची.

"बरोबर आहे की सगळं. कोण राहिलं?"

"नीट बघा."

त्याने पुन्हा मोजलं. स्वरूपा वाट बघत राहिली. तिला वाटलं, आता दिसेल. आता तरी दिसेल. त्याने सरचिटणीसाच्या गोलाशी बोट नेलं, पुढे सरकवलं. मग बोट थांबलं.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "काल संध्याकाळी मंडळाध्यक्षांचा फोन आला. त्यांना मध्ये जागा हवी होती. फ्लेक्सच्या दुकानातल्या पोराला म्हटलं, पोरीचा फोटो जरा बाजूला काढ, नंतर टाकू. राहिलं वाटतं टाकायचं." त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाला, "पण नाव आहे ना! एवढं मोठं नाव आहे."

"आठ दिवस तुम्ही एकोणीस बाप्ये मोजलेत," स्वरूपा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून श्रीशैलम एक पाऊल मागे सरला. "कुणाची मिशी, कुणाचा गोल. जिचा वाढदिवस ती विसाव्या जागीसुद्धा नाही. तिची मैत्रीण काढलीत, तिचा बुधवार काढलात, मी गप्प बसले. आता तिलाच काढलीत."

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत. तुम्हाला लोकांनी बघायलाच हवं होतं ना?"

कोपऱ्यावर उसाच्या रसाचा गाडा होता. स्वरूपाने गाडेवाल्याचं स्टूल ओढलं, फ्लेक्सखाली ठेवलं, पदर खोचला आणि पिशवीतून कात्री काढली.

"वदिना!" रसवाला ओरडला. चौकातल्या सगळ्यांचीच ती वदिना, म्हणजे वहिनी. "वदिना, आमदारसाहेब आहेत त्यात!"

"त्यांना धक्का लागणार नाही. चौकटीच्या कडेनेच कापतेय. वीस वर्षं कापड कापते मी."

"स्वरूपा, उतर खाली!" श्रीशैलमचा चेहरा पांढरा पडला. "केस होईल! तिकीट जाईल माझं!"

"फ्लेक्सवर नाव कुणाचं आहे? माझ्या पोरीचं. तिच्या वाढदिवसाचा आहे ना हा? मग तिच्या वाढदिवसाला घेऊन चाललेय."

कर्र कर्र आवाज करत कात्री चालली. खालची कड सुटली, डावी सुटली. वरच्या कडेला हात पुरेना. कोणी पुढे येईना. शेवटी रसवाल्याने इकडेतिकडे पाहिलं, पुटपुटला, "मीपण पोरीचा बाप आहे," आणि गाडा फ्लेक्सखाली ढकलत आणून, त्यावर चढून कात्रीसाठी हात पुढे केला. फ्लेक्स खाली आला तो थेट श्रीशैलमच्या अंगावर. त्यातून बाहेर पडेपर्यंत त्याचा फोन दोनदा वाजला होता.

दुपारी स्वरूपा मल्लिका टीचरना आणि पोरांच्या घरी सांगून आली. राजेश्वरच्या दारात ती शेवटी गेली. त्याने दार अर्धवटच उघडलं. "तुमच्या घरी? श्रीशैलमला चालेल?"

"बोलावतेय मी. अश्विताला पाठवा, तिच्याबरोबर आठ रिकामी पोती पाठवा. आमच्याकडची सगळी हळदीत अडकलीत."

चार वाजता पोरं आली. अंगणाच्या एका अंगाला हळद, दुसऱ्या अंगाला तो वीस फुटी फ्लेक्स, चेहरे वर करून. राजव्वाने गारेलू, म्हणजे उडदाचे वडे, तळायला घेतले होते, पलीकडच्या चुलीवर कोंबडीचा रस्सा रटरटत होता.

"उन्हात तडकलेला नाही, नवा कोरा आहे," राजव्वा फ्लेक्सकडे बघून म्हणाली. "पुढच्या वर्षी हळदीला चांगला."

"अव्वा, मी मिशीवर बसू?" तरुणतेजने विचारलं.

"शर्यतीआधी कोणी बसायचं नाही!" मनोज्ञा ओरडली. वही तिच्या हातात होती. "आधी पोती!"

पोत्यांची शर्यत झाली. मल्लिका टीचर पहिल्याच उडीत पडल्या आणि पोरं आनंदाने किंचाळली. मनोज्ञा तिसरी आली. एकटी पहिली आली होती त्यापेक्षा जास्त खूश झाली, कारण आज तिच्या मागे माणसं होती. मग तिने वही बघून एकेकाला फ्लेक्सवर जागा दाखवली, तू इथे, तू तिथे. स्वरूपा वाढायला लागली. रस्सा एका गोलावर सांडला. तिने तो पुसला नाही.

श्रीशैलम फाटकाशी येऊन उभा राहिला तेव्हा पोरं अर्धी जेवली होती. दिवसभर तो कुणाकुणाच्या पाया पडून आला होता, ते त्याच्या चुरगळलेल्या, मळलेल्या शर्टावरून दिसत होतं. खिशातला फोन थरथरत होता. तो फोन काढत नव्हता.

"रविवारचं रद्द झालं," तो स्वरूपाला म्हणाला.

"मीठ हवंय का कुणाला?" स्वरूपाने पोरांना विचारलं.

तो चपला काढून आत आला आणि फ्लेक्सच्या उजव्या कोपऱ्याकडे वळला.

"बापू, तिथे नाही," मनोज्ञा म्हणाली. "ती अश्विताची जागा आहे."

अश्विता घास हातात धरून थांबली. तिच्या मांडीखाली श्रीशैलमचा पांढरा शर्ट होता आणि जोडलेले हात.

"मग मी कुठं बसू, बिड्डा?"

मनोज्ञाने वही उघडली. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवलं. त्या बोटाबरोबर श्रीशैलमची नजरही खाली सरकत गेली. मग तिने वही मिटली.

"तुमचं नाव राहिलंय टाकायचं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. जे होतं ते तिने सांगितलं. "केक कापायच्या वेळी बघते."

स्वरूपाने मान वळवली नाही. तिने अश्विताच्या पानात आणखी एक वडा वाढला. श्रीशैलम फ्लेक्सच्या बाहेर, मातीवर, हळदीच्या कडेला बसला आणि केकची वाट बघू लागला.